पाण्यातल्या मेटल डिटेक्टरची दांडी डुगडुगते, काय करावं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं "दांडी हलते" म्हटलं तर उत्तर "बोल्ट आवळा" एवढंच येतं, आणि ते करून नुकसान झालेलं आहे.

माझ्याकडे पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर आहे. मेव्हण्याने परदेशातून येताना वापरलेला आणून दिला, त्याला ४ वर्षं झाली. मी सिंहगड रोडला राहतो. कुणाची अंगठी विहिरीत पडली, कुणाची साखळी शेततळ्यात गेली असा निरोप आला की सुट्टीच्या दिवशी जातो. पैसे घेत नाही. आजवर ९ वस्तू परत मिळवून दिल्या, त्यातली एक अंगठी आजोबांच्या हातची होती.

मागच्या महिन्यात सासवडकडे एका शेततळ्यावर गेलो होतो. पाइप ओढताना एका ताईंचं मंगळसूत्र तुटून पाण्यात गेलं. पाणी कंबरेच्या वर, कुठे छातीपर्यंत. दांडी एका बाजूला नेली की टोकाची कॉइल (धातू ओळखणारी गोल चकती) मागे राहते, परत फिरवली की आधी दांडी येते आणि मग झटका खाऊन कॉइल येते. प्रत्येक वळणाला हेडफोनमध्ये "टुक". खरा आवाज कुठला आणि दांडीचा कुठला हे शेवटी कळेनासं झालं. सव्वादोन तास घालवून रिकाम्या हाताने बाहेर आलो. त्या ताई तेवढा वेळ बांधावर उभ्या होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही.

दांडी तीन तुकड्यांची आहे. वरचा मुठीचा वाकडा तुकडा आणि मधली नळी अ‍ॅल्युमिनियमची, खालची नळी फायबरची. जोडाला स्प्रिंगचं बटण आणि वरून फिरवून आवळायची प्लॅस्टिकची टोपी. कॉइल ११ इंची.

इन्सुलेशन टेप गुंडाळून पाहिली. पहिल्या दिवशी छान बसली, दुसऱ्या दिवशी तिचा चिक्कट गोळा झाला आणि वाळू धरून बसला. प्लंबरची टेफलॉन टेप पाण्यात दोन तासांत सुटून बाहेर आली. मग कॉइलचा बोल्ट आवळला, तर कॉइलच्या एका कानाला (ज्यातून बोल्ट जातो त्या उभ्या पट्टीला) केसाएवढी चीर गेली. तिथे थांबलो.

कुणी हे नीट दुरुस्त केलं असेल तर कृपया सांगा.

लेथवरचा

मुठाकाठ, आता आणखी काही आवळू नका. कॉइलचा बोल्ट प्लॅस्टिकचा असतो तो मुद्दामच. लोखंडी घातला तर कॉइल त्यालाच ओरडत बसेल. आणि त्या बोल्टचं काम फक्त कॉइलचा कोन धरून ठेवणं आहे, दांडीतला खेळ, म्हणजे जोडांमधली सैल हालचाल, त्याने जात नाही.

आधी हलतंय कुठे ते शोधायला हवं. तुमच्या वर्णनात चार जागा संशयित आहेत: मुठीचा जोड, मधला जोड, बटणाचं भोक आणि कॉइलचे कान. चारही ठिकाणी थोडं थोडं असतं आणि टोकाला सगळ्याची बेरीज दिसते. माणूस टोकाकडे बघतो आणि टोकालाच आवळतो.

घरी असं करा. मुठीचा तुकडा टेबलाला जी-क्लॅम्पने पक्का बांधा, मध्ये रबर घाला. प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांवरून जाईल अशी पेन्सिलची एकच सरळ रेघ ओढा. मग दुसऱ्या कुणाला कॉइल हळू डावी-उजवी करायला सांगा आणि तुम्ही एकेका जोडावर अंगठा ठेवा, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. डोळ्याला दिसत नाही तो खेळ अंगठ्याला लगेच कळतो. रेघ तुटून सरकली तर जोड गोल फिरतोय, रेघेची टोकं जुळलेली राहून ती नुसती मोडल्यासारखी झाली तर नळी नळीत डुलतेय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मधल्या नळीचा आतला व्यास, खालच्या नळीचा बाहेरचा व्यास आणि एकात एक किती मिलिमीटर आहे ते मोजून इथे टाका. नळीचं तोंड दोन दिशांनी मोजा, बऱ्याचदा ते अंडाकृती झालेलं असतं.

तपकीरगल्ली

दांडीचं लेथवाले सांगतीलच, मी "टुक" आवाजाबद्दल लिहितो, कारण तो कुठून येतो हे कळलं की अर्धी काळजी कमी होईल.

हे डिटेक्टर बहुतेक हलत्या धातूवर चालतात. कॉइलपाशी एखादा धातू कायम एकाच जागी असेल तर त्याचा परिणाम यंत्र वजा करून टाकतं, म्हणून दांडीत अ‍ॅल्युमिनियम असूनही एरवी आवाज येत नाही. पण तीच नळी कॉइलच्या संदर्भात हलायला लागली की यंत्राच्या दृष्टीने तो नवा धातू झाला. शिवाय कॉइल झटका खाते तेव्हा ती तिरकी होते, तळापासूनचं अंतर बदलतं, आणि जमिनीतल्या खनिजांचा परिणाम वरखाली होतो. आपल्याकडची काळी माती आणि मुरूम बेसाल्टचा, त्यात लोहखनिज भरपूर, त्यामुळे हा फरक इथे जास्तच जाणवतो.

आता केबल बघा. कॉइलची केबल दांडीला सैल असेल तर पाण्यात ती फडफडते आणि तिचाही आवाज येतो. कॉइलच्या कानाजवळ हाताच्या बोटाएवढा वळसा मोकळा ठेवा म्हणजे कॉइल दुमडता येईल. तिथून वर घट्ट गुंडाळा आणि दर वीतभर अंतरावर वेल्क्रोच्या पट्ट्या लावा. केबल टाय नको, ती केबलला कापते. मी एकदा फक्त केबल नीट बांधली आणि खोट्या आवाजांतले निम्मे गेले होते.

आणि एक. पाणी हवेच्या साधारण ८०० पट घनदाट. ११ इंची कॉइल पाण्यात फिरवणं म्हणजे ताट आडवं ओढणं. वेग दुप्पट केला की रेटा चौपट होतो. हवेत जो खेळ जाणवणारही नाही तो पाण्यात धक्का होऊन येतो. दांडी दुरुस्त झाल्यावरही हात हळूच ठेवा.

सागरगोटी

मी कोथरूडची, पण यंत्र माझं कोकणात चालतं. काशीद, मुरूड, हर्णै. खाऱ्या पाण्याचं सांगते, कारण मुठाकाठदादा पुढेमागे समुद्रावर गेले तर उपयोगी पडेल.

मी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत कार्बन फायबरची खालची दांडी घातली होती. हलकी, ताठ, पहिले दोन महिने फार खूष होते. एका पावसाळ्यानंतर काढायला गेले तर निघेना. आत पांढरी भुकटी घट्ट बसलेली. गरम पाणी ओतून, रबरी हातोडीने हळूहळू ठोकून दीड तासाने निघाली, आणि नळीला आतून खड्डे पडलेले दिसले. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरीसारखं होतं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तेव्हापासून दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असल्याशिवाय मी जोडत नाही. काचतंतूची म्हणजे साधी फायबरची दांडी असेल तर ही भानगड नाही.

समुद्रावरून आलं की आधी दांडीचे तीनही तुकडे वेगळे करायचे, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचे, बटण दहा-बारा वेळा दाबायचं म्हणजे स्प्रिंगमागची वाळू निघते. ती वाळूच बटणाचं भोक मोठं करते.

वेळूबन

मी दांडीच बदलली. खालची नळी काढून प्लंबिंगच्या दुकानातली पाऊण इंची सीपीव्हीसी नळी घातली. तिचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी, म्हणजे सात अष्टमांश इंच, आणि अनेक डिटेक्टरच्या नळ्या याच मापाच्या असतात. कॉइलला लागणारा काटा (कानांमध्ये बसणारा टोकाचा तुकडा) तिच्या टोकात घासून बसवला.

खरं सांगायचं तर पाण्यात ती लवते. खेळ गेला पण लवचिकपणा आला. गुडघाभर पाण्यात चालून जातं. त्याआधी भरीव वेळूची काठी पण लावून पाहिली, आमच्या मुळशीकडे चांगली मिळते. ताठपणात तिला तोड नाही, मात्र तासाभरात पाणी पिऊन फुगली आणि नळीत अडकली, सुकल्यावर पुन्हा सैल. कुणी करणार असेल तर आधी दोन हात वॉर्निश मारा.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगी कॉइल हलवत होती आणि मी अंगठा लावून बसलो होतो. मापं अशी:

मधली नळी: बाहेरून २२.२, आतून १९.२ मिमी (तोंडाशी एका दिशेने १९.३).
खालची फायबरची नळी: बाहेरून १८.६ मिमी.
एकात एक: ६० मिमी. मी उंच आहे, म्हणून शेवटच्या भोकावर लावतो.
जोडापासून कॉइलपर्यंत: ७०० मिमी.
कॉइलपाशी एकूण हालचाल, डावीकडून उजवीकडे: २२ मिमी.
बटण ८ मिमी, भोक लांबट होऊन ८.६.

मुठीच्या जोडात थोडं आहे, मधल्या जोडात सगळ्यात जास्त. कानांमधले रबरी वॉशर काचेसारखे गुळगुळीत झालेत. मी महिनाभर ज्या टोकाला आवळत होतो तिथे फारसं काही नव्हतंच, हे कळल्यावर त्या चिरेचं फार वाईट वाटलं.

लेथवरचा

उत्तम मापं घेतलीत. आता बघा.

१९.२ मधून १८.६ गेले, सैलपणा ०.६ मिमी. ऐकायला काहीच नाही. पण ती नळी फक्त ६० मिमी आत आहे आणि ७०० मिमी बाहेर. एका बाजूला ती ६० मध्ये ०.६ तिरकी होऊ शकते, म्हणजे ७०० वर ७ मिमी. दुसऱ्या बाजूलाही ७. झाले १४. तुमच्या २२ मधले १४ या एकाच जोडाचे. राहिलेले ८ वरच्या जोडाचे आणि रबराचे.

बटणाचं वेगळं. भोक ०.६ ने सैल, नळीची त्रिज्या ११ मिमी, म्हणजे जोड साधारण ३ अंश फिरतो. ११ इंची कॉइलची कड मध्यापासून १४० मिमी लांब, तिथे साडेसात मिमी वरखाली होतं. तुम्ही "झटका" म्हणता तो बहुधा हाच.

फुकटातला पहिला उपाय: नळी दोन भोकं आत घ्या. ६० चे १२० झाले की १४ चे ७ होतात. उंचीमुळे वाकावं लागत असेल तरी पाण्यात हात खाली असतोच, करून बघा.

पक्का उपाय करायचा तर टेप विसरा. ०.३ मिमी जाडीचा बुश (दोन नळ्यांमधली बांगडी) कुणी करू शकत नाही, म्हणून दोन वेगळे तुकडे करायचे.

एक, खालच्या नळीच्या आतल्या टोकात बसणारा पोकळ डाट. त्याचा काही भाग नळीत एरलडाइटने चिकटवायचा आणि ३० मिमी बाहेर ठेवायचा, बाहेरच्या भागाचा व्यास १९.१२ पर्यंत. मधल्या नळीत हा सरकत जाईल. याने पकड ३० मिमीने लांबते ते वेगळंच.

दुसरा, मधल्या नळीच्या तोंडावर बाहेरून बसणारी टोपी. अर्ध्या लांबीत बोअर (आतला व्यास) २२.२, उरलेल्या अर्ध्यात १८.६५. म्हणजे ती अर्धी मधल्या नळीवर आणि अर्धी खालच्या नळीवर. तिला उभी फाक मारायची, फाकेच्या शेवटी ३ मिमीचं भोक, नाहीतर चीर पुढे पळते. त्यावर सायकलच्या सीटचा क्लॅम्प. २५.४ मिमीचा क्लॅम्प सहज मिळतो, टोपीची भिंत १.६ मिमी ठेवली की बरोबर बसेल. आवळला की गोल फिरणंही थांबतं, बटणावर भार राहत नाही.

दोन आधार जितके लांब तितका खेळ कमी. यात एका टोकाला डाट आणि दुसऱ्या टोकाला टोपी, मध्ये ११० मिमीच्या आसपास. पाटाच्या दोन टोकांना पाय असावेत तसं.

कंट्रोल बॉक्सला (यंत्राच्या बंद डब्याला) मात्र ड्रिल, स्क्रू, काहीही लावायचं नाही. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो, आणि ज्या यंत्राला कंपनीने ३ मीटर दिलेत त्याला ३ च, ज्याला ६० दिलेत त्याला ६०. तिथलं सील एकदा बिघडलं की दांडी कितीही चांगली असून काय उपयोग.

तपकीरगल्ली

क्लॅम्पच्या धातूची चाचणी घरीच होते. यंत्र चालू करून ठेवा, क्लॅम्प हातात घेऊन लांबून कॉइलकडे हळूहळू आणा. जिथे पहिली कुरकुर येते ते अंतर मोजा आणि त्याच्या दुप्पट लांब बसवा. ७०० मिमीवर काही होणार नाही असा माझा अंदाज, तरी करून बघा.

कानातले वॉशर बदलाच. मऊ रबराच्या शीटमधून कापून घ्या. त्यांना ग्रीस अजिबात नको, तिथे घर्षणच पाहिजे. सिलिकॉन ग्रीस फक्त बॅटरीच्या झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कडीला), तेही बोटावर चमक येईल इतकंच.

नवखा_पुणेकर

विषय थोडा वेगळा आहे, क्षमा करा. आजी सांगायची की पानशेतच्या पुरात पेठांमधली भांडी, दागिने, तिजोऱ्या नदीत गेल्या. असा डिटेक्टर घेऊन मुठेत शोधलं तर जुनी नाणी वगैरे मिळतील का? कुठला डिटेक्टर घेऊ?

इतिहासवेल

नवखा_पुणेकर, प्रश्न मनापासून विचारलात म्हणून नीट उत्तर देते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आमच्या घरातही त्या दिवसाच्या आठवणी आहेत. जे वाहून गेलं ते कुणाचं तरी होतं.

कायदा असा आहे: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ती रक्कम अजून तीच आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच आलं. संरक्षित स्मारकांच्या परिसरात खणणं १९५८ च्या कायद्याने बंद आहे, आणि पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीला १९७२ चा कायदा लागू होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाणं ज्या थरात पडलं आहे त्या थरातच त्याचा अर्थ असतो. उपसून काढलं की उरतो तो नुसता तांब्याचा तुकडा. जुनं काही दिसलं तर हात न लावता जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

मुठाकाठ जे करतात ते वेगळं आहे. मालक समोर उभा असतो, वस्तू कुठली ते माहीत असतं, जागा त्याचीच असते. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते हेही लक्षात असू द्या. आणि शहरातल्या मुठेत सांडपाणी आहे, तिथे उघड्या पायांनी उतरूच नका.

पोहणारा_काका

मुठाकाठ, बाळा, दांडीचं सगळे सांगतायत, मी तुझं सांगतो. शेततळ्याच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. उतरताना माणूस घसरत आत जातो आणि चढताना हाताला धरायला काही नसतं. पट्टीचे पोहणारे त्यात गेलेले मी पाहिलेत. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक झाडाला किंवा ट्रॅक्टरला, बांधावर दोर ओढू शकेल असा एक माणूस, आणि हवा भरलेली ट्यूब. हे नसेल तर ताईंना हात जोडून नाही म्हणायचं. आणि यंत्र मनगटाला पक्कं बांधू नकोस, ओढून सुटेल असंच बांध.

मुठाकाठ

काका, दोर असतोच, पण ट्यूब नव्हती. मनगटाची पट्टीही आवळून बांधायचो. दोन्ही बदलतो. नमस्कार.

दांडीचं काम झालं. मध्ये एक चूक झाली, ती आधी सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये.

भोसरीला ओळखीच्या टर्नरकडे (लेथ चालवणाऱ्याकडे) लेथवाल्यांनी सांगितलेलं चित्र घेऊन गेलो. त्याच्याकडे नायलॉनचा रॉड होता, मी म्हटलं चालेल. डाट आणि टोपी दोन्ही सुरेख केली, दुकानात नळी इतकी छान सरकली की सोडल्यावर हवेच्या दाबाने हळूहळू खाली यायची. घरी आणून दोन दिवस बादलीत ठेवलं, नुसतं बघावं म्हणून. तिसऱ्या दिवशी डाट नळीत जाईचना. व्हर्निअर लावला तर १९.१२ चा १९.२३ झालेला.

परत गेलो. टर्नर म्हणाला, "अहो, पाण्यात वापरायचंय हे सांगायचं नाही का? नायलॉन पाणी पितो." मग जवळच्याच दुकानातून डेलरिनचा रॉड आणला. डेलरिन म्हणजे अ‍ॅसिटल नावाचं प्लॅस्टिक, तेही पाणी पितं पण नायलॉनच्या मानाने फारच थोडं. तेच माप पुन्हा केलं, पुन्हा दोन दिवस बादली. यावेळी व्हर्निअरमध्ये फरक दिसला नाही. दोन्ही वेळची मिळून मजुरी ५०० रुपये झाली, क्लॅम्पचे ९०.

डेलरिनला एरलडाइट नीट धरत नाही, तो पृष्ठभाग फार गुळगुळीत. म्हणून डाटाचा आत जाणारा भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासला, त्यावर टर्नरकडून दोन खाचा पाडून घेतल्या, आणि खालच्या नळीला दोन बाजूंनी बारीक भोकं पाडून त्यात डेलरिनच्याच खुंट्या ठोकल्या. चिकटपणा गेला तरी खुंट्या धरतील. २४ तास तसंच ठेवलं. डाट पोकळ ठेवण्याचं कारणही कळलं: नळीत पाणी अडकून राहिलं तर २०० ग्रॅमच्या आसपास वजन वाढतं, आणि ते कॉइलच्या बाजूला असल्यामुळे मनगटाला लगेच जाणवतं. आता वरून शिरलेलं पाणी खालच्या भोकातून निघून जातं.

मुठीच्या जोडाला जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी घातली. ती फिल्म सुमारे ०.१८ मिमी जाडीची असते, एक वेढा पुरला. ओल्याने खराब होत नाही. नवे वॉशर कापले. कानाच्या चिरेवर दोन्ही बाजूंनी पातळ फायबर कापड आणि इपॉक्सी लावलं, बोल्ट आता दोन बोटांनी आवळतो तेवढाच. केबल तपकीरगल्ली म्हणाले तशी बांधली. क्लॅम्पची कुरकुर ३४ सेंटीमीटरवर सुरू झाली, तो ७० वर आहे.

पुन्हा टेबलाला बांधून मोजलं. २२ मिमीचे ४ राहिले. गोल फिरणं पूर्ण थांबलं.

लेथवरचा

खुंट्यांचं तुम्हाला सुचलं ते फार चांगलं केलंत, मी लिहायला विसरलो होतो. नायलॉनचा दोष माझाही आहे, चित्रात मटेरियल लिहायला हवं होतं. उरलेले ४ मिमी हे आता नळीचं लवणं आणि रबर, त्याच्या मागे लागू नका.

वर्षातून एकदा टोपीच्या फाकेच्या टोकाचं भोक भिंगाखाली बघा. तिथून चीर निघालेली दिसली तर टोपी बदलायची वेळ झाली. क्लॅम्पचा बोल्ट स्टेनलेस आहे का? समुद्रावर नेणार असाल तर ३१६ ग्रेडच्या स्टीलचा घ्या, ३०४ ला खाऱ्या पाण्यात बारीक छिद्रं पडतात.

सागरगोटी

मला पण अशीच टोपी हवी आहे! माझी मधली नळी आतून १९.३ आहे. आणि दादा, पुढे काय झालं? त्या ताईंकडे परत गेलात का?

मुठाकाठ

गेलो, परवाच्या रविवारी. ताईंच्या भावाने पंप लावून पाणी मांडीपर्यंत उतरवून ठेवलं होतं. बांधावर दोन माणसं, दोर आणि ट्रकची ट्यूब, काकांनी सांगितलं तसं. तळाला सुतळी ताणून हात-हात रुंदीचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा पुढे-मागे, अगदी हळू. दांडी इतकी गप्प होती की पहिली १० मिनिटं मला वाटलं यंत्रच बंद आहे. हातातलं नाणं पाण्यात टाकून खात्री केली.

पाचव्या पट्ट्यात, उताराच्या पायथ्याशी, एक बारीक आवाज आला. पलीकडून फिरवला तरी तिथेच, तेवढाच. आधीच्या वेळी असे आवाज शंभर ऐकले होते, त्यात हा असता तर निसटलाच असता. गाळ बोटांनी चाळणीत घेतला. बरोबर एक वाटी निघाली, आत गाळ भरलेला, कडेला तुटलेल्या सोन्याच्या तारेचं टोक. ताईंनी ती ओंजळीत घेतली, पदराने पुसली आणि घरात निघून गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते.

दुसरी वाटी अजून तळ्यातच आहे. काळे मणी काचेचे, ते यंत्राला कळायचे नाहीत, पण वाटी त्याच पायथ्याशी कुठेतरी असणार. अंधार पडला म्हणून थांबलो, येत्या रविवारी राहिलेले ७ पट्टे करायचे आहेत.

सागरगोटी, टर्नरकडे डेलरिन शिल्लक होतं म्हणून डाट-टोपीचे दोन जास्तीचे संच करून घेतले आहेत, डाट १९.१२ चा. तुमच्या १९.३ ला तो थोडा सैल होईल, तुमच्यासाठी १९.२ चा नवीन करून घेतो. दुसऱ्या कुणाची नळी आतून १९.२ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मजुरीपुरते पैसे द्या आणि स्वारगेटला येऊन घेऊन जा.